विद्यापीठ ग्रंथालयातील विद्यार्थी सहायकांचे मार्गदर्शन: निर्णय टप्प्याटप्प्याने कसे सोपवावेत

संध्याकाळी कार्यालयीन वेळ संपते, कायम सेवेतील बहुतेक कर्मचारी घरी जातात आणि विद्यापीठाचे ग्रंथालय मात्र रात्रीपर्यंत उघडे राहते. अशा वेळी देवघेवीच्या काउंटरवर बहुधा एखादा विद्यार्थी सहायकच असतो. समोर उभ्या असलेल्या वाचकाला हा फरक ठाऊक नसतो आणि तो ठाऊक असण्याचे काही कारणही नाही. काउंटरवरून जे उत्तर मिळाले ते ग्रंथालयाचे उत्तर, असे तो धरून चालतो. असे असूनही विद्यार्थी सहायकांचे प्रशिक्षण पुष्कळ ठिकाणी कामांच्या यादीपुरतेच असते. बारकोड कसा वाचायचा, पुस्तके रॅकवर कशी लावायची, दिवे कुठून बंद करायचे, एवढे सांगून झाले की मार्गदर्शन आटोपले असे समजले जाते. प्रत्यक्षात त्या काउंटरवर काम कमी आणि निर्णय जास्त असतात. उशिरा आलेल्या पुस्तकावर दंड आकारायचा की नाही, वाचकाचा प्रश्न आपण सोडवायचा की संदर्भ विभागाकडे न्यायचा, मोठ्याने बोलणाऱ्या गटाला कधी हटकायचे, असे प्रश्न दर तासाला उभे राहतात. म्हणून या लेखात मार्गदर्शनाचा अर्थ निर्णय टप्प्याटप्प्याने सोपवणे असा घेतला आहे. कोणता निर्णय कुणाचा, तो केव्हा सोपवायचा आणि सोपवल्यानंतर मार्गदर्शकाने काय करायचे, हे ठरलेले असले की बाकीचे प्रशिक्षण बरेच सोपे होते.

विद्यार्थी येण्यापूर्वी

नवे विद्यार्थी रुजू होण्याआधी मार्गदर्शकाने एक कागद तयार करावा आणि त्यावर काउंटरवर व रॅकांमध्ये प्रत्यक्ष घ्यावे लागणारे निर्णय लिहून काढावेत. हे काम टेबलाशी बसून आठवणीतून करू नये. एक-दोन संध्याकाळी काउंटरजवळ बसून जे दिसेल ते टिपावे. मग प्रत्येक निर्णयापुढे तीनांपैकी एक खूण करावी: विद्यार्थ्याने स्वतः घ्यायचा, घेऊन नोंदवहीत लिहायचा, किंवा घ्यायचाच नाही आणि कायम कर्मचाऱ्याकडे न्यायचा. पुस्तकाचे नूतनीकरण पहिल्या प्रकारात येईल, ठरलेल्या मर्यादेतील दंडमाफी दुसऱ्या प्रकारात आणि हरवलेल्या पुस्तकाची भरपाई ठरवणे तिसऱ्या प्रकारात. आगीचा इशारा वाजणे, छतातून पाणी गळणे, एखादा वाचक आजारी पडणे किंवा धमकावू लागणे, या प्रसंगी विद्यार्थ्याने काय करायचे हे तिसऱ्या प्रकाराखाली संपर्क क्रमांकांसह ठळक लिहावे. त्याने धाडस दाखवावे अशी कुणाचीही अपेक्षा नाही, हेही स्पष्ट शब्दांत सांगावे.

या कागदावरील खुणा कायमच्या नसतात. पहिल्या महिन्यात तिसऱ्या प्रकारात असलेली एखादी गोष्ट सत्र संपेपर्यंत दुसऱ्या प्रकारात यावी आणि पुढच्या सत्रात पहिल्या प्रकारात, हीच मार्गदर्शनाची खरी प्रगती होय. ती कागदावर दिसत असल्यामुळे विद्यार्थ्यालाही आपण कुठवर आलो हे कळते.

संगणकावरील अधिकारही याच कागदाशी जुळते हवेत. २००० सालापासून वापरात असलेल्या आणि मूळच्या न्यूझीलंडमध्ये विकसित झालेल्या कोहासारख्या ग्रंथालय व्यवस्थापनाच्या संगणक प्रणालीत प्रत्येक कर्मचाऱ्याला कोणती कृती करता येईल हे स्वतंत्रपणे ठरवता येते. तरीही सर्व विद्यार्थ्यांसाठी एकच लॉगिन आणि एकच पासवर्ड ठेवण्याची सवय आढळते आणि तो पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेलाही असतो. सोयीसाठी केलेली ही तडजोड मार्गदर्शनाच्या मुळावर येते, कारण कोणती नोंद कुणी केली हे कळले नाही तर चूक कुणाला समजावून सांगायची आणि चांगल्या कामाचे श्रेय कुणाला द्यायचे, हे दोन्ही अशक्य होते.

पहिल्याच भेटीत काही रोखठोक गोष्टी सांगून टाकाव्यात. प्रशिक्षणाचा वेळही कामाच्या तासांत धरला जाईल. उशीर होणार असेल तर कुणाला आणि कसे कळवायचे. काउंटर शांत असताना स्वतःचे पाठ्यपुस्तक वाचलेले चालेल की नाही. या शेवटच्या मुद्द्यावर ग्रंथालयागणिक मत वेगळे असते. माझ्या मते वाचू द्यावे, मात्र कानात हेडफोन नसावेत आणि वाचक जवळ येताच मान वर झाली पाहिजे. नियम कोणताही असो, तो न सांगता नंतर त्यावरून बोलणी ऐकवणे हे सर्वांत वाईट.

रॅकांमधले पहिले आठवडे

पुस्तके जागेवर लावणे हे काम नवख्याला कंटाळवाणे वाटते आणि अनुभवी कर्मचारीही ते तसेच असल्याच्या सुरात शिकवतात. वास्तविक ग्रंथालयाची रचना समजून घेण्यासाठी याहून चांगले काम नाही, परंतु ते कारणासह शिकवले तरच. पुस्तक चुकीच्या रॅकवर गेले की तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत, ते ‘उपलब्ध’ दिसते आणि वाचकाला मात्र सापडत नाही. पुढच्या साठा पडताळणीपर्यंत ते हरवल्यासारखेच असते. एवढे एक वाक्य आधी सांगितले तर पुढच्या सूचनांना वजन येते.

बोधांक म्हणजे पुस्तकाच्या कण्यावरील चिठ्ठीवरचा, त्याची रॅकमधली जागा सांगणारा क्रमांक. तो शिकवताना वर्गांकापासून, म्हणजे त्यातील विषय दाखवणाऱ्या भागापासून, सुरुवात करावी. मेलव्हिल ड्युई यांच्या १८७६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या दशांश वर्गीकरणात मराठी भाषेचा अंक ४९१.४६ आणि मराठी साहित्याचा ८९१.४६ आहे. चारशेची रांग भाषांची, आठशेची साहित्याची आणि शेवटचे अंक दोन्हीकडे सारखे. हे एकदा दाखवले की अंक म्हणजे पुस्तकाचा विषय सांगणारी रचना आहे हे विद्यार्थ्याच्या ध्यानात येते. यानंतरच नेहमीच्या चुकीकडे वळावे. ६२१.३९ हा अंक ६२१.४ च्या आधी येतो, पण पूर्णांकांची सवय असलेली नजर एकोणचाळीसला चारापेक्षा मोठे ठरवते आणि पुस्तक पुढच्या रॅकवर जाते. अभियांत्रिकीचे विद्यार्थीही घाईत ही चूक करतात, त्यामुळे ‘हे तर येतच असेल’ असे गृहीत धरू नये. जेथे अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसची वर्गीकरण पद्धत वापरली जाते तेथे गोंधळ दुहेरी होतो. सुरुवातीच्या अक्षरांनंतरचा आकडा पूर्णांक म्हणून वाचायचा असतो, म्हणून क्यूए ९ हे क्यूए ७६ च्या आधी येते. त्यापुढील कटर क्रमांकातील (बहुधा लेखकाचे नाव दर्शवणारे अक्षर आणि त्यानंतरचे अंक) आकडे मात्र दशांश म्हणून वाचायचे असतात, म्हणून सी १२५ हे सी १३ च्या आधी येते. एकाच चिठ्ठीवर दोन नियम लागू होतात हे तोंडी सांगून पुरत नाही. वीस-पंचवीस कार्डांवर ग्रंथालयातलेच खरे बोधांक लिहावेत, ती पिसून विद्यार्थ्याला क्रमाने लावायला द्यावीत आणि चुकलेल्या प्रत्येक कार्डाबद्दल ‘येथे का ठेवलेस?’ असे विचारावे. बोधांक निवडताना चुका होण्याजोगेच निवडावेत. सोपी कार्डे ठेवून सर्वांना उत्तीर्ण करण्यात काहीच साधत नाही.

कार्डांवर क्रम जमला की प्रत्यक्ष ट्रॉली द्यावी. लावलेल्या प्रत्येक पुस्तकात रंगीत कागदाची पट्टी वर डोकावेल अशी ठेवायला सांगावे. नंतर मार्गदर्शकाने त्या रांगांतून फिरून पट्ट्या काढत जावे आणि चुकीच्या जागी असलेली पुस्तके स्वतः न हलवता विद्यार्थ्याला दाखवावीत. सलग दोन-तीन ट्रॉल्या निर्दोष गेल्या की पट्ट्या बंद कराव्यात आणि त्याऐवजी अधूनमधून एखादी रांग तपासावी. पट्ट्या बंद झाल्या आहेत हे त्याला मुद्दाम सांगावे, कारण हा त्याला मिळालेला पहिला विश्वास असतो.

पुस्तकांची हाताळणी थोडक्यात शिकवता येते. पुस्तक कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नये. शेजारची दोन पुस्तके किंचित मागे सारून मधोमध धरून काढावे. उंच पुस्तक रॅकमध्ये मावत नसेल तर ते कणा वरच्या बाजूला येईल असे पानांच्या कडेवर उभे करू नये, कारण पानांच्या वजनाने बांधणी सैल होते. कणा खाली ठेवावा किंवा पुस्तक आडवे ठेवावे. रांग ठासून भरू नये. ट्रॉलीवर जड पुस्तके खालच्या फळीवर आणि दोन्ही बाजूंना समतोल राहतील अशी ठेवावीत. वरच्या फळीपर्यंत हात पोचत नसेल तर शिडी आणावी, रॅकवर पाय देऊन चढू नये.

काउंटरवरील प्रश्न

रॅकांवरून काउंटरवर येणे ही मोठी पायरी आहे आणि मार्गदर्शकाचा सर्वाधिक वेळ येथे जायला हवा. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये वाचकांच्या प्रश्नांविषयी केलेली मांडणी येथे आजही उपयोगी पडते. वाचकाच्या मनातली गरज आधी अस्पष्ट असते, मग ती त्याला जाणवू लागते, नंतर तो ती शब्दांत मांडतो आणि अखेरीस ग्रंथालयात काय मिळेल याचा अंदाज बांधून त्या शब्दांना मुरड घालतो. काउंटरवर आपल्याला ऐकू येतो तो हा शेवटचा, मुरड घातलेला प्रश्न. ‘मानसशास्त्राची पुस्तके कुठे आहेत?’ असे विचारणाऱ्या वाचकाला कदाचित किशोरवयीन मुलांच्या परीक्षेच्या भीतीवर तीन शोधनिबंध हवे असतात आणि ते परवापर्यंत हवे असतात. त्याला मानसशास्त्राच्या, म्हणजे वर्गांक दीडशेच्या, रांगेकडे बोट दाखवले तर उत्तर बरोबर असूनही वाचक रिकाम्या हाताने परत जातो.

विद्यार्थी सहायकाला पूर्ण संदर्भ सेवा शिकवणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. त्याला दोन गोष्टी आल्या म्हणजे पुष्कळ झाले: एक, प्रश्न थोडा उलगडून घेणे, दोन, आपली हद्द ओळखणे. प्रश्न उलगडण्यासाठी ‘हे कशाला हवे आहे?’ असे थेट विचारू नये, कारण त्यात चौकशीचा सूर येतो आणि काही विषयांच्या बाबतीत वाचक संकोचून निघून जाण्याची शक्यता असते. ब्रेंडा डर्विन आणि पॅट्रिशिया ड्यूडनी या अभ्यासकांनी १९८६ मध्ये सुचवलेल्या तटस्थ प्रश्नांचा रोख वाचकाची परिस्थिती, त्याला जाणवणारी अडचण आणि मिळालेल्या माहितीचा तो करणार असलेला उपयोग यांवर आहे. त्या धर्तीवर आपल्या रोजच्या भाषेत तीन प्रश्न बसवून द्यावेत: ‘आतापर्यंत काय काय पाहून झाले?’, ‘नेमके कुठे अडले आहे?’ आणि ‘कशा स्वरूपात मिळाले तर काम होईल?’ हे प्रश्न पाठ करून घेऊ नयेत. मार्गदर्शकाने स्वतः वाचक व्हावे, मुद्दाम मोघम प्रश्न विचारावा आणि विद्यार्थ्याने तो उलगडत न्यावा, असा सराव काउंटर रिकामे असताना दहा-दहा मिनिटे करता येतो. मग भूमिका बदलावी. वाचकाच्या जागी उभे राहिल्यावर अर्धवट उत्तर कसे वाटते हे त्याला आपोआप कळते.

हद्दीविषयी मोघम राहू नये. जागा दाखवणे, नाव माहीत असलेले पुस्तक तालिकेत शोधून देणे, आरक्षण, नूतनीकरण, मुद्रणयंत्राची किरकोळ अडचण, ई-ग्रंथांसाठी लॉगिन कसे करायचे, एवढे विद्यार्थ्याकडे. एखाद्या विषयावरील साहित्याचा शोध, कोणता डेटाबेस योग्य हे सुचवणे, संदर्भसूचीच्या शैलीवरील वाद, प्रताधिकाराचा प्रश्न, आंतरग्रंथालयीन देवघेव, एवढे संदर्भ विभागाकडे. या यादीला वेळेची मर्यादाही जोडावी. पाच मिनिटांत प्रश्न सुटत नसेल तर तो पुढे न्यायचा, असा साधा दंडक पुरतो. हुशार आणि उत्साही विद्यार्थ्यांना ही मर्यादा जाचक वाटते, कारण मदत करण्याची त्यांची इच्छा खरी असते. त्यांना सांगावे की वाचकाला योग्य माणसाकडे लवकर पोचवणे हीही मदतच आहे. शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्यास सांगते आणि काउंटरवरच्या बहुतेक शंका या एका सूत्रावर घासून पाहता येतात.

प्रश्न पुढे नेण्याची रीतही शिकवावी लागते. ‘मला माहीत नाही, उद्या या’ हे पुढे नेणे नव्हे. संदर्भ विभागात कुणी असेल तर वाचकाला तेथपर्यंत सोबत घेऊन जावे आणि प्रश्न आपल्या तोंडाने सांगावा, म्हणजे वाचकाला तो पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागत नाही. विभाग बंद असेल तर एका छापील चिठ्ठीवर प्रश्न, आतापर्यंत शोधलेली ठिकाणे, वाचकाचा संपर्क आणि त्याला उत्तर कधीपर्यंत हवे आहे हे लिहून ठेवावे.

या चिठ्ठीचा पुढचा प्रवास मार्गदर्शकाच्या हातात असतो आणि तो सहसा दुर्लक्षिला जातो. दुसऱ्या दिवशी संदर्भ ग्रंथपालांनी तो प्रश्न कसा सोडवला, कुठे शोधले, कोणता शब्द वापरल्यावर हवे ते मिळाले, हे चिठ्ठी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आवर्जून सांगावे. दोन मिनिटांचे हे सांगणे कोणत्याही कार्यशाळेपेक्षा उपयोगी ठरते, कारण प्रश्न त्याने स्वतः ऐकलेला असतो आणि उत्तर जाणून घेण्याची उत्सुकता त्याच्या मनात शिल्लक असते. चिठ्ठी परस्पर निकाली निघत राहिली तर विद्यार्थी ती लिहिण्याचे काम टपाल पोचवल्यासारखे करू लागतो.

समोर मित्र उभा असेल तर

विद्यार्थी सहायकाची खरी कोंडी अनोळखी वाचकामुळे होत नाही. ती वर्गमित्रामुळे होते. ‘ते पुस्तक कुणी नेले आहे तेवढे बघून सांग’, ‘माझा दंड काढून टाक’, ‘परीक्षेपर्यंत हे एक पुस्तक मागे ठेव’, ‘बंद झाल्यावर दहा मिनिटे बसू दे’, अशा विनंत्या मैत्रीच्या सुरात येतात आणि नकार देणारा वसतिगृहात एकटा पडतो. नियमांची पुस्तिका येथे कामास येत नाही. लागते ते सहज म्हणता येईल असे वाक्य आणि मागे उभे राहणारा मार्गदर्शक.

वाचकाने काय वाचले, काय नेले, काय शोधले, ही माहिती गोपनीय आहे हे पहिल्याच दिवशी सांगावे आणि त्यामागचे कारणही द्यावे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९३९ मध्ये स्वीकारलेल्या पहिल्या आचारसंहितेतही वाचकांविषयीची खाजगी माहिती गुप्त ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य मानले होते, म्हणजे ही अपेक्षा संगणकाच्या काळात निर्माण झालेली नाही. आजार, गर्भधारणा, मानसिक त्रास, धर्म, राजकारण, नोकरी सोडण्याचा विचार, यांवरील पुस्तके माणूस ग्रंथालयातून निर्धास्तपणे नेऊ शकतो तो याच भरवशावर. विद्यार्थ्याला हे पटले की नकार देणे सोपे जाते. मग त्याला वाक्य द्यावे: ‘कुणी नेले आहे ते मला सांगता येत नाही, पण तुझे आरक्षण नोंदवतो, म्हणजे पुस्तक परत आले की तुला कळेल.’ नकार आणि त्याच दमात एक खरी सोय, अशी या वाक्याची घडण आहे. इतर विनंत्यांसाठीही याच घडणीची वाक्ये विद्यार्थ्यांनी स्वतः तयार करावीत, म्हणजे ती त्यांच्या बोलीत येतात. प्राध्यापकाने किंवा अधिकाऱ्याने अशी माहिती मागितली तर ‘मी ग्रंथपालांना विचारून सांगतो’ एवढेच म्हणावे आणि तेथे थांबावे.

दंडमाफीच्या बाबतीत मात्र सरसकट मनाई करण्याऐवजी थोडा अधिकार द्यावा असे मला वाटते. एका दिवसाचा उशीर, बंद पडलेला संगणक, सुटीमुळे झालेला घोळ, अशा ठरावीक कारणांसाठी माफी देण्याची मुभा अनुभवी सहायकाला द्यावी, अट एकच की कारण नोंदवहीत लिहायचे. मार्गदर्शकाने आठवड्यातून एकदा त्या नोंदी वाचाव्यात. एकाच मित्रमंडळाची नावे वारंवार दिसली तर बोलावे. एरवी निर्णय फिरवू नये. काही निर्णय आपल्या मनासारखे नसतील, पण ते तर्काला धरून असतील तर तसेच राहू द्यावेत. प्रत्येक वेळी फिरवला जाणारा अधिकार विद्यार्थी पुढे वापरायचेच सोडून देतात आणि पुन्हा प्रत्येक गोष्ट विचारायला येऊ लागतात.

आवाज करणाऱ्या गटाला हटकण्याचे कामही याच स्वरूपाचे आहे. पहिल्यांदा मार्गदर्शकाने स्वतः जाऊन बोलावे आणि सहायकाने पाहावे. दुसऱ्यांदा सहायकाने बोलावे आणि मार्गदर्शकाने थोड्या अंतरावर थांबावे. तिसऱ्यांदा त्याने एकट्याने जावे. एकदा सांगून उपयोग झाला नाही तर दुसऱ्यांदा कायम कर्मचारी किंवा सुरक्षारक्षक जाईल, हे ठरलेले असावे.

परीक्षेचा काळ

ग्रंथालयात सर्वाधिक गर्दी परीक्षेच्या आधी होते आणि नेमक्या त्याच आठवड्यांत विद्यार्थी सहायकांनाही अभ्यासाला वेळ हवा असतो. हा पेच कुणाच्या निष्ठेचा नाही, वेळापत्रकाचा आहे, आणि तो वेळापत्रकानेच सोडवावा लागतो. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकाकडून तासिका, प्रात्यक्षिके, प्रकल्प सादर करण्याच्या तारखा आणि परीक्षेचे संभाव्य आठवडे लिहून घ्यावेत. वेगवेगळ्या विद्याशाखांचे आणि वर्षांचे विद्यार्थी निवडले तर परीक्षा थोड्याफार मागेपुढे पडतात. निवडीच्या वेळी केलेला हा विचार पुढे फार उपयोगी पडतो. परीक्षेच्या काळात रांगा तपासणे, जुन्या नियतकालिकांची बांधणीसाठी जुळणी, साठा पडताळणी अशी लांबणीवर टाकता येणारी कामे बंद ठेवावीत आणि उपलब्ध तास फक्त काउंटर आणि परत आलेली पुस्तके यांना द्यावेत. पाळ्यांची अदलाबदल विद्यार्थ्यांनी आपसांत करावी, मात्र दोघांची नावे फलकावर लिहिल्याशिवाय ती झाली असे धरू नये. परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणालाही पाळी लावू नये. ज्या ग्रंथालयात विद्यार्थ्याचे गुण कामामुळे घसरतात तेथे मार्गदर्शन कितीही चांगले असले तरी मूळ हेतू फसलेला असतो, आणि त्याचे कारण सांगताना मनुष्यबळाच्या तुटवड्याकडे बोट दाखवता येत नाही. तो तुटवडा भरून काढणे हे विद्यार्थ्याचे काम नव्हे.

चूक दाखवणे आणि बोलत राहणे

चूक झाल्यावर ती त्याच पाळीत, वाचकांसमोर नव्हे तर बाजूला घेऊन आणि एकाच घटनेपुरती दाखवावी. ‘तुझे लक्ष नसते’ यातून विद्यार्थ्याला काही कळत नाही. ‘ही तीन पुस्तके परत आल्याची नोंद न होता रॅकवर गेली, म्हणून वाचकाच्या खात्यावर दंड चढला’ यातून सगळे कळते. आधी त्याचा तर्क ऐकून घ्यावा. पुष्कळदा तर्क ठीक असतो आणि माहिती अपुरी असते. एकच चूक तीन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांकडून झाली असेल तर विद्यार्थ्यांना सोडून सूचनेकडे पाहावे. ती बहुधा संदिग्ध असते, किंवा ज्या कपाटात हवी त्यापेक्षा दुसऱ्याच कपाटात चिकटवलेली असते.

वारंवार उशीर करणाऱ्या किंवा न कळवता गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्याशी लवकर बोलावे. वर्गातली अडचण, घरची अडचण, दुसरे काम, यांपैकी काहीतरी असते. तास कमी करून किंवा पाळी बदलून भागत असेल तर तसे करावे. भागत नसेल तर काम थांबवण्याचा निर्णय स्पष्टपणे आणि सन्मानाने सांगावा. पाळ्यांच्या यादीतून नाव गुपचूप गाळणे हा भित्रेपणा आहे. येथे एक गोष्ट विसरू नये: तास आणि मानधन आपल्या हातात असताना विद्यार्थी आपल्याशी पूर्ण मोकळेपणाने बोलेल अशी अपेक्षा धरता येत नाही. त्यामुळे तक्रार सांगण्यासाठी दुसऱ्या एखाद्या कर्मचाऱ्याचे नाव त्यांना आधीच देऊन ठेवावे.

कामाचा अभ्यासाशी सांधा जुळवण्यासाठी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात विकसित झालेली एक पद्धत साधी आणि अनुकरणीय आहे. तेथे विद्यार्थी कर्मचाऱ्यांचे पर्यवेक्षक सत्रात एक-दोनदा त्यांच्याशी छोटा संवाद करतात आणि तो चार प्रश्नांभोवती फिरतो: हे काम तुमच्या अभ्यासाशी कसे जुळते आहे, येथे शिकलेले काय अभ्यासात उपयोगी पडते, वर्गात शिकलेले काय येथे वापरता येते, आणि पुढच्या व्यवसायात उपयोगी पडेल असे येथे काय शिकायला मिळते आहे. पहिल्या भेटीत बहुतेक विद्यार्थी ‘वेळेचे नियोजन’ असे ठोकळेबाज उत्तर देतात. तेथे थांबू नये. ‘एखादा प्रसंग सांग’ म्हणावे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनीला तालिकेतील शोध नेमका कुठे कमी पडतो हे दिसलेले असते, इतिहासाच्या विद्यार्थ्याला जुन्या वृत्तपत्रांच्या बांधणीत त्याच्या प्रबंधाचा विषय सापडलेला असतो, फक्त ते सांगण्याजोगे आहे असे त्यांना वाटलेले नसते. अशा बोलण्यातून पुढचे काम ठरवावे. तालिकेत रस असलेल्या विद्यार्थिनीला न सापडलेल्या शोधशब्दांची यादी करायला द्यावी, चित्रकलेचा हात असलेल्याला दिशादर्शक फलक नव्याने करायला द्यावेत. मात्र हे काम ठरलेल्या तासांत बसायला हवे. कौतुकाच्या नावाखाली कुशल विद्यार्थ्याकडून फुकटचे काम करून घेण्याचा मोह मोठा असतो.

जुना सहायक नव्याला शिकवतो तेव्हा

एक-दोन सत्रे काम केलेल्या विद्यार्थ्याकडे नव्याचे प्रशिक्षण सोपवावे. नवख्याला काय कळत नाही हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते आणि शिकवताना त्याचे स्वतःचे ज्ञानही पक्के होते. अडचण एकच: चुकीचे शॉर्टकटही त्याच वाटेने पुढे जातात. म्हणून प्रशिक्षण सोपवण्याआधी त्याच्याकडून सर्व मुख्य कामे एकदा करवून पाहावीत आणि निर्णयांचा तो कागद त्याच्यासोबत नव्याने वाचावा. त्याचा हुद्दा वाढवला असेल तर मानधनही वाढायला हवे, आणि ते शक्य नसेल तर जबाबदारी तेवढ्याच बेताने वाढवावी.

काम सोडताना

विद्यार्थी जाणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेले असते, तरी निरोपाची तयारी क्वचितच केलेली असते. मार्गदर्शकाने प्रत्येक सहायकाच्या नावे एक पान ठेवावे आणि त्यावर वेळोवेळी एक-दोन ओळी टिपाव्यात: कोणत्या प्रसंगी त्याने काय निर्णय घेतला, कोणते काम स्वतःहून सुधारले, कुणाला शिकवले. दोन वर्षांनी शिफारसपत्र लिहायची वेळ येते तेव्हा या ओळींमुळे पत्रात ‘मेहनती आणि प्रामाणिक’ यापलीकडचे काही लिहिता येते, आणि निवड करणाऱ्याला तेच हवे असते. विद्यार्थ्यालाही आपले काम अर्जात कसे मांडायचे हे दाखवावे. ‘ग्रंथालयात काम केले’ याऐवजी ‘संध्याकाळच्या पाळीत देवघेव काउंटर स्वतंत्रपणे सांभाळले, नव्या सहायकांना प्रशिक्षण दिले’ असे लिहिता येते हे त्याला सुचलेले नसते.

शेवटच्या आठवड्यात त्याच्याकडून दोन गोष्टी मागाव्यात. रुजू होताना कुणी सांगायला हवे होते पण सांगितले नाही, असे काय होते, ते त्याने कामाच्या पुस्तिकेत स्वतःच्या शब्दांत लिहावे. आणि निर्णयांच्या कागदावरील कोणती खूण बदलायला हवी, हे त्याने सांगावे; कारण काउंटरवर रात्री नऊ वाजता काय घडते हे त्याने आपल्यापेक्षा अधिक वेळा पाहिलेले असते. शेवटच्या दिवशी किल्ल्या आणि ओळखपत्र परत घ्यावे, अनुभवाचे प्रमाणपत्र त्याच दिवशी हातात द्यावे आणि त्याचे कर्मचारी लॉगिन बंद करून वाचक म्हणून असलेले खाते चालू आहे ना, हे त्याच्यासमोरच तपासावे.